दोन कुत्री, एक आरव्ही आणि वॉशिंग्टन डीसी

आरव्ही, म्हणजे पलंग, ओटा, संडास असलेली घरासारखी मोठी गाडी, घेऊन डीसीला जातोय म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने विचारलं, "पण एवढं धूड घेऊन शहरात फिरणार कसे?" फिरायचंच नाही, हे त्याचं उत्तर. डीसीपुरती आरव्ही म्हणजे मुक्कामाची खोली. शहराबाहेर लावायची आणि निघायच्या दिवसापर्यंत जागची हलवायची नाही. एवढं ठरलं की पुढचं सगळं नियोजन एकाच प्रश्नाभोवती फिरतं: आत्ता कुत्र्यांजवळ कोण थांबणार?

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून गेलो. नवरा, मी, दोन मुलं, रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई, राणी नावाची लठ्ठ लॅब्रडॉर आणि गुंड्या नावाचा बीगल. ऑक्टोबरमधला लाँग वीकेंड. हॉटेलचा विचार केला होता, पण दोन खोल्या, त्यावर कुत्र्यांचे वेगळे पैसे आणि वर राणीच्या वजनाचा प्रश्न. बऱ्याच हॉटेलांत कुत्र्याच्या वजनाला मर्यादा असते. त्यांना बोर्डिंगमध्ये ठेवावं तर गुंड्या तिथे अन्नाला तोंड लावत नाही. सासूबाईंना आरव्हीतला ओटा दाखवल्यावर तर चर्चाच संपली.

गाडी भाड्याची, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. बुक करताना तीन गोष्टी लेखी घ्या: किती कुत्री चालतील, त्यांचे पैसे किती, आणि परत देताना केस सापडले तर सफाईचे किती कापणार. जाहिरातीत 'पेट फ्रेंडली' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र फोनमध्ये नको, कागदावर बरोबर ठेवा. कॅम्पग्राउंडवाले मागू शकतात.

भाड्याच्या आरव्हीला मागे गाडी जोडून ओढायला बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत. म्हणून नवरा आरव्ही चालवत पुढे आणि मी आमची नेहमीची गाडी घेऊन मागे. पेट्रोलचा खर्च वाढतो, पण माझ्या मते कुत्री बरोबर असतील तर ही दुसरी गाडी हवीच. डीसीच्या मेट्रोत पिंजऱ्यात मावणारं छोटं जनावर चालतं, मोठं कुत्रं चालत नाही. लॅब्रडॉरला घेऊन मेट्रोने नॅशनल मॉलवर, म्हणजे स्मारकं आणि संग्रहालयांमधल्या लांबलचक हिरवळीवर, जाऊ, असा बेत करून आलेली एक दोन कुटुंबं आम्हाला कॅम्पग्राउंडवर भेटली. दुसरी गाडी नसेल तर उबर पेटचा, म्हणजे जनावर चालणाऱ्या उबर टॅक्सीचा, हिशेब आधीच बजेटमध्ये धरा.

आता रस्ता. न्यू जर्सी टर्नपाइक या टोलच्या महामार्गाने खाली, डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडून आय-95 महामार्ग. अंतर दोनशे मैलांच्या आतच आहे, पण आरव्हीला आणि कुत्र्यांच्या थांब्यांना धरून अर्धा दिवस द्या. पुलावर टोल जाताना लागतो, येताना नाही. मेरिलँडमध्ये सस्क्वेहाना नदीवरच्या पुलाचा टोल बरोबर उलटा, फक्त उत्तरेकडे येताना. ईझीपास, म्हणजे टोल आपोआप कापणारा टॅग, आरव्हीत ठेवायला विसरू नका आणि भाड्याच्या गाडीचा नंबर खात्यावर तात्पुरता चढवून घ्या.

खरी मेख बाल्टिमोरला आहे. आय-95 वरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि त्याच्या शेजारचा हार्बर बोगदा, दोन्हींतून दहा पौंडांपेक्षा मोठं प्रोपेनचं, म्हणजे शेगडीच्या गॅसचं, सिलिंडर नेता येत नाही. आरव्हीची गॅसची टाकी त्याहून कितीतरी मोठी असते. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायच्या. तो पूल 26 मार्च 2024 ला मालवाहू जहाज धडकून कोसळला आणि वर काम करणारे सहा मजूर गेले. नवा पूल होईपर्यंत आरव्हीवाल्यांना शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो: आय-95 वर एक्झिट 64 ला आय-695 हा शहराभोवतीचा रिंग रोड धरायचा, टाउसन या उपनगराच्या दिशेने, आणि शहराच्या दक्षिणेला परत आय-95. फोनमधला नेहमीचा नकाशा तुम्हाला बिनधास्त बोगद्यात घालतो, कारण तुमच्या पोटाखाली गॅस आहे हे त्याला माहीत नसतं. एकतर आरव्हीची उंची आणि प्रोपेन विचारणारं ॲप वापरा, नाहीतर मधला थांबा म्हणून टाउसन हाताने टाका. शुक्रवारी दुपारनंतर 695 वर गाड्या अक्षरशः मुंगीच्या पावलाने सरकतात. आम्ही सकाळी सातलाच निघालो होतो, त्यामुळे निभावलं.

चालत्या आरव्हीत कुत्र्यांचं काय होतं, हे आधी कुणी सांगत नाही. आवाज! ड्रॉवरमधले चमचे, शेगडीची जाळी, कपाटातल्या वाट्या, खड्डा आला की सगळं एकदम वाजतं. गुंड्या पहिल्या वीस मिनिटांत धापा टाकायला लागला, लाळ गळायला लागली. सर्व्हिस एरियात थांबून सासूबाईंनी चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टॉवेल कोंबला, वाट्यांच्या मधे पेपर नॅपकिन घातले, शेगडीची जाळी काढून चादरीत गुंडाळून पलंगावर ठेवली. मग तो झोपला. दोघांनाही हार्नेस घालून जेवायच्या टेबलाच्या सीटबेल्टला अडकवलं होतं. मोकळं सोडू नका, ब्रेक लागला की चाळीस किलोंचा ऐवज पुढे येतो.

दुसरी गंमत पायऱ्यांची. आरव्हीच्या लोखंडी पायऱ्या जाळीच्या असतात, खालची जमीन दिसते. राणीने पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवले, खाली पाहिलं आणि मागचं अंग आतच ठेवून रडायला लागली. पायरीवर बांधायचे कार्पेटचे तुकडे मिळतात. आम्ही जुना डोअरमॅट कापून झिप टायने बांधला आणि बाई उतरल्या. प्रवासाच्या आधी गाडी घरासमोर आली की हे उतरण्याचं शिक्षण तिथेच उरकून घ्या.

मुक्कामाला सोयीच्या जागा दोन. ग्रीनबेल्ट पार्क हे नॅशनल पार्क सर्व्हिसचं, झाडीतलं, स्वस्त आणि शांत. पण तिथे वीज-पाण्याचं हुकअप, म्हणजे गाडीला जोडायचं कनेक्शन, नाही. कॉलेज पार्कचं चेरी हिल पार्क खाजगी आणि महाग, मोसमात रात्रीचे शंभर डॉलर सहज जातात. तिथे वीज, पाणी, ड्रेनेज सगळं जागेवर आहे. कुत्री नसती तर मी डोळे मिटून ग्रीनबेल्ट घेतलं असतं. कुत्री असताना हुकअप घ्या. कारण एसी. ऑक्टोबरातही ऊन आलं की बंद आरव्ही तासाभरात भट्टी होते, आणि जनरेटर दिवसभर चालवू देत नाहीत. लाँग वीकेंडच्या जागा काही महिने आधी जातात.

एसी चालू आहे म्हणून कुत्र्यांना आत कोंडून दिवसभर भटकायला जाऊ, असं मनात आणू नका. कॅम्पग्राउंडचा ब्रेकर उडतो, एसी बंद पडतो आणि कुणाला कळतही नाही. मेरिलँडमध्ये कुत्र्याच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने त्याला गाडीत एकटं सोडणं बेकायदा आहे, आणि बऱ्याच कॅम्पग्राउंडच्या नियमांतही कुत्रं एकटं ठेवू नये असं असतं. आरव्हीतलं तापमान फोनवर कळवणारं छोटं यंत्र मिळतं, ते आम्ही लावलं होतं. पण ते यंत्र नुसतं सांगतं, दार उघडायला माणूसच लागतो.

म्हणून आळीपाळी. स्मिथसोनियन या संस्थेची डीसीतली सगळी संग्रहालयं फुकट आहेत, हा या पद्धतीचा मोठा आधार: तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत असं दडपण नाही. एक जण दोन तास आत, दुसरा बाहेर कुत्र्यांबरोबर, मग अदलाबदल. एअर अँड स्पेस आणि आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला आम्ही फुकटचेच पण वेळेचे पास आधी काढले होते. मुलांना दोन्ही पाळ्यांत आत जायची मुभा दिली. त्यांनी ती फक्त रॉकेटांसाठी वापरली.

नॅशनल मॉलच्या हिरवळीवर कुत्री चालतात, पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. स्मारकांच्या आत मात्र नाही. त्यामुळे लिंकन स्मारकाच्या आम्ही एकेक करून पायऱ्या चढलो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या स्मारकात त्यांचा लाडका स्कॉटिश टेरियर फाला ब्राँझमध्ये बसलेला आहे, कान लोकांनी हात फिरवून चकचकीत केलेत. स्मारकात चक्क कुत्र्याचा पुतळा, आणि तो बघायला आमच्या कुत्र्यांना मज्जाव! पार्किंगसाठी मॉलजवळ घिरट्या घालण्यापेक्षा हेन्स पॉइंटकडे जा. ओहायो ड्राइव्हला पोटोमॅकच्या काठाने फुकट जागा मिळते, आणि तिथून टायडल बेसिन या तळ्यापर्यंतची चाल कुत्र्यांना मॉलपेक्षा जास्त आवडते. चेरीच्या बहरात मात्र तिकडे फिरकू नका.

सगळ्यांनी एकत्र फिरायला सगळ्यात चांगली जागा कुठली विचाराल तर नॅशनल आर्बोरेटम, हे झाडांचं मोठं उद्यान. प्रवेश फुकट, पट्ट्याने बांधलेली कुत्री चालतात, गर्दी मॉलच्या मानाने नाहीच. मोकळ्या माळावर दगडी खांब उभे आहेत, छप्पर नाही, भिंत नाही. एकेकाळी ते कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या इमारतीच्या, पूर्वेकडच्या दर्शनी भागाला होते. इमारत वाढवताना 1958 मध्ये काढले. एकूण 22. सासूबाई म्हणाल्या, "मोडक्या देवळासारखं वाटतंय, पण देव कुठंय?" गुंड्याने एका खांबाला आपली पद्धतशीर भेट दिली.

पोटोमॅकवरचा ग्रेट फॉल्स बघणार असाल तर बाजू नीट निवडा. मेरिलँडच्या बाजूला कालव्याकाठची वाट कुत्र्यांना खुली आहे, पण जिथून धबधबा उत्तम दिसतो त्या ओल्मस्टेड आयलंडच्या पुलावर आणि बिली गोट ट्रेलच्या ए भागावर कुत्र्यांना बंदी आहे. व्हर्जिनियाच्या बाजूला धबधबा बघायच्या कट्ट्यांपर्यंत पट्ट्यासह नेता येतं, तेही पार्किंगपासून पाच-दहा मिनिटांत. परत आल्यावर कानामागे, काखेत, बोटांच्या मधे टिक्स (गोचिड्या) तपासा. राणीच्या कानाच्या घडीत तिळाएवढी एक सापडलीच. चिमटा बरोबर ठेवा.

खाण्याचं. आरव्हीचा फ्रिज गार व्हायला वेळ लागतो, आदल्या रात्रीच चालू करून ठेवा. नाश्त्याला रोज पोहे नाहीतर शिरा. इथे आपल्या घरांसाठी एक सूचना: कांदा, लसूण आणि बेदाणे तिन्ही कुत्र्यांना विषारी. आजी मंडळी प्रेमाने शिऱ्याचा घास पुढे करतात आणि त्यात बेदाणा असतो. आम्ही त्या वीकेंडला शिरा बिनबेदाण्याचाच केला, वादच नको. पाणी घरून कॅनमधून नेलं, नव्या पाण्याने गुंड्याचं पोट बिघडतं.

एक संध्याकाळ व्हार्फवर, म्हणजे डीसीच्या नदीकाठच्या धक्क्यावर, काढा. तिथला मासळीबाजार 1805 पासून चालू आहे, पाण्यावरच्या तराफ्यांवर दुकानं. मेरिलँडचे निळे खेकडे तिथेच वाफवून, ओल्ड बे मसाला चोळून देतात. रत्नागिरीच्या बाईने खेकडा हातात घेतला, पोट दाबून बघितलं आणि दुकानदाराला मराठीतच "हा पोकळ आहे, दुसरा दे" म्हणाल्या. त्याने दिला! मसाल्यावर त्यांचं मत: "मीठ जास्त, खोबरं नाही." व्हार्फवर बाहेरच्या टेबलांवर कुत्री चालतात, पण कवचाचे तुकडे खाली पडू देऊ नका, लॅब्रडॉर ते चावत नाही, गिळते.

निघायच्या सकाळी काळ्या पाण्याची (संडासाची) टाकी आधी सोडा, राखाडी (मोरी-सिंकची) नंतर, म्हणजे भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पायऱ्यांचा मॅट सगळ्यात शेवटी काढा, कुत्री चढल्यावर. येताना बाल्टिमोरचा वळसा पुन्हा घ्यायचाच आहे, फक्त दिशा उलटी. घराजवळच्या कार वॉशवर थांबून सीटांच्या फटींतून व्हॅक्यूम फिरवा, मग ओला रबरी हातमोजा घालून गाद्यांवर हात ओढा. व्हॅक्यूमला न आलेले केस त्याला गोळा होऊन येतात. आमच्याकडे राणीचे एवढे निघाले की भाडेवाल्याने डिपॉझिट पूर्ण परत केलं तेव्हा नवऱ्याने पावती दोनदा वाचली.