आमची वाटचाल : रस्त्याच्या कडेची बेणणी

आंब्या-काजूची बाग बेणणारा, म्हणजे तण काढणारा, माणूस कोकणात वाडीवाडीत मिळतो. रस्त्याची बेणणी मात्र वेगळी, हे आम्हाला कामात उतरल्यावर कळलं. बागेत कलमाखालचं तण साफ काढलेलं चालतं. साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी, तशी खरवडली की जांभ्याची सुटी माती पहिल्या मोठ्या सरीत गटारात जाते, कड खचते आणि डांबर तुटायला लागतं. म्हणून आमचा पहिला नियम ठरला: जमीन उघडी करायची नाही. चार बोटं, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर गवत ठेवायचं. खालची हरळी तशीच राहिली पाहिजे, कड तीच धरून ठेवते.

सुरुवात कोयता आणि विळ्यावर झाली, मग ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडपं कापायची मशीन, आले. मऊ गवताला नायलॉनची दोरी आणि दांडगट झुडपाला तीन पात्यांचं ब्लेड, एवढं नीट पाळलं तर निम्मा त्रास वाचतो. दोरी रानमोडीसारख्या दांडगट झुडपावर चालवली की ती नुसती तुटत राहते. ब्लेड दगडावर आपटलं की खडा गोळीसारखा उडतो, त्यामुळे १५ मीटरच्या आत कोणी नको. रस्त्यावरून गाड्या चालूच असतात, म्हणून दोन बांबूंना शेडनेट बांधून दोघेजण कटरवाल्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये धरून चालतात. ब्लेडच्या नटाचे आटे उलटे असतात. नवीन मुलगा सवयीने पिळतो आणि सोडवायच्या ऐवजी आणखी आवळून ठेवतो.

मशीन बंद पडतात ती बहुतेक पेट्रोलमुळे. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. कंपनीने प्रमाण २५:१ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतायचं नाही, माप ठेवायचं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्धी कॅन पडून राहिली की पाणी मिसळलेलं इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. त्या थरात ऑइल जवळपास नसतं, आणि तोच थर इंजिनात गेला की पिस्टन घासून निकामी होतो. म्हणून त्या दिवसापुरतंच मिश्रण करतो.

आमचं खरं शिक्षण रानमोडीने केलं. पान चुरगळलं की उग्र वास येतो. पानावर तीन ठळक शिरा असतात आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. खरचटलं तर गावात याच पानाचा रस लावतात. फांदी छाटली की पेराजवळून समोरासमोर दोन कोंब निघतात. म्हणजे एकदा कापून सोडलं की एका दांड्याच्या दोन फांद्या होतात आणि पुढच्या वर्षी तिथे आणखी दाट जाळी उभी राहते. दिवाळीनंतर ती फुलते आणि म्हातारीसारखं बी वाऱ्यावर जातं. कामाच्या आदेशात बहुतेक वेळा गणपतीआधीची एकच कापणी असते. चाकरमानी येतात तेव्हा रस्ता स्वच्छ दिसतो खरा, पण बी धरायचं त्यानंतरच. आम्ही दुसरी कापणी फुलं उमलायच्या आत मागून घेतो, आणि बुंधे पावसाळ्यात, माती ओली असताना, कुदळीने गड्ड्यासकट काढतो. उन्हाळ्यात जांभा दगडासारखा होतो, कुदळ उडते.

गाजर गवत पुण्याकडे १९५०च्या दशकात नोंदलं गेलं. आपल्याकडे ते नव्या मातीबरोबर, भरावाबरोबर येतं. रुंदीकरण झालेल्या पट्ट्यात आधी तेच बघा. फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. फुललेलं असेल तर हलवायचं नाही. एका झाडाला हजारो बिया असतात आणि टेम्पोतून त्या गावभर पसरतात. टाकळा मात्र आम्ही सरसकट मारत नाही. जूनमध्ये कोवळी पानं लोक भाजीला नेतात, आणि दाट टाकळ्याखाली गाजर गवताला डोकं वर काढायला जागा राहत नाही. वळण नसलेल्या सरळ पट्ट्यात तो राहू दिलेलाच बरा.

वळणाच्या आतल्या बाजूला ही सवलत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी थांबवायला ४५ मीटर पुढचं दिसावं लागतं, ५० ला ६० मीटर. गाडीतल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर धरतात, आणि रानमोडी त्याच्या वर सहज जाते. त्यामुळे वळणापासूनच काम सुरू करतो, सरळ रस्ता शेवटी.

तणनाशकाचं काम आम्ही घेत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरती ठेवली, पण आमचं कारण त्याआधीचं आहे. फवारलेलं औषध पावसाने गटारात, गटारातून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि तिथून भाताच्या कुणग्यात, म्हणजे खाचरात, जातं. शिवाय गवत जळालं की कड पुन्हा उघडीच.

गमबूट घातल्याशिवाय कोणी गवतात उतरत नाही. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो आणि तो मातीच्याच रंगाचा. आधी काठीने गवत हलवतो, मग कटर सुरू.

कापलेलं गवत त्याच दिवशी गटारातून काढावं लागतं. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी चार पेंढ्या अडकल्या तरी रात्रीच्या पावसात पाणी रस्त्यावर येतं. बी न धरलेलं गवत शेतकऱ्यांना भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, देतो, बी धरलेलं तिथेच खड्ड्यात पुरून वर माती टाकतो.