तुम्ही विचारलंत म्हणून: फोंतनेच्या मठात पाहण्यासारखे काय आहे?

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातील फोंतनेच्या मठाची छायाचित्रे पाहिली की बहुतेक जण मला विचारतात: ना मूर्ती, ना रंगीत काचा, ना मनोरा, मग इथे पाहायचे तरी काय?

हा साधेपणा ऐपत नसल्याचा नाही. क्लेरव्होच्या संत बर्नार यांनी १११८ मध्ये स्थापन केलेल्या या सिस्टर्शियन (साध्या राहणीवर भर देणारा ख्रिस्ती साधूंचा एक संप्रदाय) मठाचे चर्च नॉर्विचचे बिशप एव्हरार्ड यांच्या पैशातून उभे राहिले आणि ११४७ मध्ये पोप तिसरे यूजीन यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. पण कोरलेली श्वापदे न्याहाळण्यात साधूचा दिवस जातो आणि चिंतन राहून जाते, असे बर्नार यांचे ठाम मत होते.

सजावट वर्ज्य म्हटल्यावर उरतो तो दगड आणि उजेड. मुख्य दालनावर टोकदार कमानीचे सलग दगडी छत आहे आणि त्याचा बाहेरच्या बाजूला पडणारा रेटा पेलण्यासाठी दोन्ही कडेच्या ओवऱ्यांच्या प्रत्येक खणावर आडवी कमानदार छते घातली आहेत. या रचनेत दालनाच्या भिंतींना वर खिडक्या ठेवायला जागाच उरत नाही. त्यामुळे उजेड मुख्यतः दर्शनी भिंतीतून आणि वेदीमागच्या सपाट भिंतीतून येतो आणि मधला भाग भर दुपारीही अंधुक राहतो. पायाखाली आज फरशीसुद्धा नाही, चोपलेली माती आहे.

मला मात्र चर्चपेक्षा ५३ मीटर लांबीची लोहारशाळा अधिक आवडते. शेजारच्या टेकडीतले लोहखनिज आणायचे, वळवलेल्या पाण्यावर चाक फिरवायचे आणि त्या चाकाने घण उचलायचा, असे तिथले काम. घणाच्या आवाजाने ज्यांचे चिंतन भंगत नसे, त्यांना दगडी श्वापदांची एवढी धास्ती का, याचे मला नेहमी हसू येते.

पुढे राजाने नेमलेले प्रमुख आले, उत्पन्न बाहेर जाऊ लागले आणि १७४५ मध्ये भोजनशाळाही पाडली गेली. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ विकला गेला आणि तिथे कागदाचा कारखाना निघाला. १८२० मध्ये तो एली द मोंगोल्फिए यांच्याकडे आला. उष्ण हवेचे फुगे उडवणारे ते हेच घराणे. अनेकांना ही विटंबना वाटते, पण खुद्द सितोच्या, म्हणजे जिथे सिस्टर्शियन संप्रदाय सुरू झाला त्या मूळ मठाचे चर्च आज शिल्लक नाही आणि फोंतनेचे आहे, याचे श्रेय मी त्या कारखान्यालाच देतो. १९०६ मध्ये एदुआर एनार यांनी मठ घेऊन जीर्णोद्धार केला, तेव्हा कारखान्याच्या इमारती पाडून टाकल्या. त्यातली एखादी तरी राखायला हवी होती.