४ रात्री हॅमॉकमध्ये, त्यातल्या २ जमिनीवर

काल ट्रेकवरून परत आलो, कंबर अजून बोलतेय, म्हणून आत्ताच लिहून टाकतो, नाहीतर राग शांत होईल. चालण्याबद्दल काही सांगत नाही, तेवढं तुम्हाला जमतं असं धरतो. विषय फक्त हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, ती झाडांना बांधायच्या पट्ट्यांचा. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'अजिबात ताणत नाही', विकणाऱ्यानेही छातीठोकपणे तेच सांगितलं, आणि मी गाढवासारखा एकदाही भिजवून न बघता निघालो.

पहिल्या संध्याकाळी बसून बघितलं तर बूड जमिनीपासून दीड वीत वर. झकास. रात्री पाऊस लागला. अडीचला जाग आली ती पाठीत काहीतरी टोचतंय म्हणून, हात खाली घातला तर झाडाचं मूळ! आधी वाटलं गाठ सरकली, टॉर्च मारून बघतो तर गाठ जागच्या जागी, बकल घट्ट, खोडावरचा पट्टाही तसूभर हललेला नाही. म्हणजे पट्टाच लांबला होता. मग भिजत उभा राहून गारठलेल्या बोटांनी ओला पट्टा बकलमधून ओढत बसलो, कसाबसा वर आलो, आणि पहाटे परत तेच मूळ तिथेच.

दुसरा दिवस सपाट वाट, छान हवा, लिहिण्यासारखं काही नाही. रात्री मात्र मी अक्कल पाजळली. झोळ पडतो ना, मग कपडे वाळत घालायच्या तारेसारखा ताणूनच बांधतो म्हटलं. पट्टे दिवसभर सॅकमध्ये ओलेच होते. पहिल्या रात्रीपेक्षा वाईट हाल झाले, खांदे दाबले गेले, एका बाजूचं झाड बारीक होतं ते आत वाकलं, आणि मी परत खाली.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळे इथेच फसतात. पट्टा आडव्या रेषेशी ३०° वर असेल तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण तुमच्या वजनाएवढी ओढ येते, म्हणजे माझी ७२ किलो. तोच १०° वर आणला की २०० किलोच्या वर. वर आणखी एक गंमत: ३०° वर दोन्ही पट्टे १-१ सेंमी लांबले तर तुम्ही जेमतेम २ सेंमी खाली येता, १०° वर तेवढ्यालाच ५-६ सेंमी. थोडक्यात, जितकं जास्त ताणाल तितका पट्टा जास्त लांबणार आणि तितके तुम्ही जास्त खाली जाणार.

तिसऱ्या दिवशी शिलाईत दडलेलं लेबल सापडलं. नायलॉन! नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की आणखी ताणतं. मित्राकडे पॉलिस्टरच्या पट्ट्यांची जादा जोडी होती, ती ३०° वर बांधली, आणि सकाळी बघतो तर जेमतेम दोन बोटं खाली. ८ वाजेपर्यंत झोपलो, आयुष्यात एवढं सुख नाही.

तेव्हा पाकिटावरचं काही वाचू नका, लेबल वाचा, पॉलिस्टर नसेल तर घेऊच नका. डायनिमाची (एक मजबूत कृत्रिम धागा) दोरी जवळजवळ ताणत नाही हे खरं, पण ती गुळगुळीत असते, साध्या गाठी घसरतात, आणि थेट खोडाला बांधली तर साल कापते, म्हणून झाडाला रुंद पट्टा हवाच. कोनासाठी तर्जनी आडवी, अंगठा उभा धरा, दोन्ही टोकं जोडणारी तिरकी रेघ म्हणजे अंदाजे ३०°. बांधल्यावर लगेच झोपू नका, पूर्ण वजन टाकून ५-१० मिनिटं बसा, गाठी आवळू द्या, मग परत ओढा. नायलॉनच हातात असेल तर नेहमीपेक्षा वीतभर वर बांधा, भिजला तर झोपायच्या आधी पुन्हा ओढा, आणि खाली मूळ-दगड नाही ना ते बघा. बारीक झाडं नकोतच.

आणि हो, हॅमॉकच्या कापडाचा झोळ वेगळा, तो हवाच, नाहीतर तिरकं झोपताच येत नाही. त्यासाठी रिजलाइन, म्हणजे हॅमॉकची दोन टोकं वरून जोडणारी ठरावीक लांबीची दोरी लावा, हॅमॉकच्या लांबीच्या ८३% धरतात, म्हणजे ३.३ मीटरच्या हॅमॉकला साधारण २.७४ मीटर. पण रिजलाइन लावली म्हणून पट्टे ताणायचे थांबत नाहीत, हा माझा आणखी एक गोड गैरसमज होता.

चौथ्या रात्री खात्री करायला डोक्याकडे पॉलिस्टर आणि पायाकडे तोच ओला नायलॉन बांधला. सकाळी मी पायाच्या टोकाला गाठोड्यासारखा गोळा होऊन पडलो होतो आणि मित्र फोटो काढत होता.