व्होल्टेजचा आकडा आणि सुईचा वेग

माझ्याकडे टॅटूचे काम शिकायला येणाऱ्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात विचारले, ‘दादा, लाइनिंगला तुम्ही किती व्होल्ट ठेवता?’ लाइनिंग म्हणजे टॅटूच्या रेघा ओढणे. मी आकडा सांगितला असता तर त्याने तो वहीत टिपून घेतला असता, आपल्या मशीनवर तसाच लावला असता आणि कोणाच्या तरी हातावरची कातडी खराब केली असती. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तीन वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते. तोवर मी एका जुन्या स्लायडर रोटरीवर, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या गोंदण्याच्या यंत्रावर, काम करीत असे आणि तिचा पॉवर सप्लाय 7.5 व्होल्टवर ठेवण्याची हाताला सवय झाली होती. नवे डायरेक्ट ड्राइव्ह पेन (मोटर सुईला थेट ढकलते असे पेनच्या आकाराचे मशीन) आणले तेव्हा सप्लायला हातही न लावता मी एका मित्राच्या दंडावर काळा रंग भरायला बसलो. अर्ध्या तासात तिथली कातडी खरवडल्यासारखी झाली, पुढे जाड खपल्या धरल्या आणि त्या खपल्यांबरोबर रंगही निघून आला. मित्र भला असल्यामुळे प्रकरण दोन वेळा फुकट टचअप करून मिटले.

त्या दिवशी नेमके काय चुकले, हे मोजून पाहण्याचे मी बरेच दिवस टाळत होतो. बडोद्यात नवरात्राच्या आधीचे दीड-दोन महिने आमच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसते; गरब्याच्या पोशाखात पाठ आणि दंड उघडे राहणार असतात, आणि घामात नाचण्यापूर्वी जखम भरलेली असावी म्हणून मोठी कामे किमान तीन आठवडे आधी संपवावी लागतात. दसऱ्यानंतर मात्र स्टुडिओ एकदम शांत होतो. यंदा त्या शांततेत मी तीन मशीन टेबलावर मांडली: गिव्ह (विरोध झाला की सुईने मागे दबण्याची मुभा) कमी-जास्त करता येणारे जुने स्लायडर, ते डायरेक्ट ड्राइव्ह पेन आणि स्ट्रोक (सुई वरखाली जाण्याचे अंतर) बदलता येणारे एक बिनतारी पेन. तिन्हींना एकाच पाकिटातली 0.35 मिलिमीटर जाडीच्या सात सुयांची राउंड लायनर कार्ट्रिज, म्हणजे रेघांसाठी गोलात बांधलेल्या सुयांची बदलता येणारी नळी, लावली. स्लायडरला त्यासाठी कार्ट्रिजची ग्रिप (हातात धरायची मूठ) आणि आतला दांडा बसवावा लागला. सुई नळीबाहेर सर्वाधिक किती येते, ते अंतर तिन्हींवर 2 मिलिमीटर ठेवले. सुई वेगळी, अंतर वेगळे आणि हातही वेगळा असेल, तर ‘हे मशीन मऊ चालते, ते कडक चालते’ या बोलण्याला काही अर्थ राहत नाही.

सराव कशावर करायचा, हा आमच्याकडे थोडा गमतीचा प्रश्न आहे. परदेशी शिक्षक डुकराची कातडी वापरा म्हणतात. बडोद्याच्या दांडिया बाजाराच्या आसपास ती मागायला गेलो असतो तर त्याच दिवशी जागा खाली करावी लागली असती. मी सिलिकॉनचे सरावाचे पत्रे वापरतो आणि सुरुवातीच्या मुलांना केळीच्या सालीवर बसवतो. साल पातळ असते, हात जड पडला की लगेच फाटते, आणि चूक लपवता येत नाही.

पहिले मोजमाप वेगाचे होते. रोटरी मशीनमध्ये मोटरच्या एका फेऱ्याला सुई एकदा खाली जाऊन वर येते. म्हणजे मोटर मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर सुई सेकंदाला 100 वेळा टोचते. हा आकडा काढायला महागडे उपकरण लागत नाही. कागदाच्या पट्टीवरून हात एका सेकंदात दहा सेंटिमीटर सरकवायचा आणि भिंगाखाली एका सेंटिमीटरमधले ठिपके मोजायचे. दहा ठिपके आले तर सेकंदाला शंभर. माझा पुतण्या तबला शिकतो, त्याच्या फोनवरच्या सुराच्या अ‍ॅपनेही मी ताडून पाहिले. यंत्राच्या गुणगुणीत वरच्या सप्तकाचे स्वर मिसळलेले असल्यामुळे ते अ‍ॅप कधी दुप्पट आकडा दाखवते, पण कागदावरचे ठिपके समोर असले की घोटाळा होत नाही. सप्लायवर 7.5 व्होल्ट असताना स्लायडरने सेकंदाला सुमारे 90 टोचे दिले आणि डायरेक्ट ड्राइव्ह पेनने सुमारे 115.

फरक एवढाच असता तर मित्राचा दंड वाचला असता. स्लायडरचा स्ट्रोक 3.5 मिलिमीटरचा आहे आणि त्या पेनचा 4 मिलिमीटरचा. सुई एका टोच्यात स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापते, एकदा खाली आणि एकदा वर. म्हणजे स्लायडरच्या सुईचा सरासरी वेग सेकंदाला 630 मिलिमीटर पडला आणि पेनच्या सुईचा 920. जवळजवळ दीडपट! सप्लायवर आकडा तोच होता, पण सुई कातडीवर जवळजवळ दीडपट वेगाने येत होती. व्होल्टेज हे मोटरला दिलेले खाद्य आहे. ते खाऊन ती किती धावेल हे तिच्या घडणीवर अवलंबून असते, आणि धावण्याचे सुईपाशी काय होईल हे स्ट्रोकवर. त्यामुळे दुसऱ्याचा व्होल्टेजचा आकडा उसना घेणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर उसना घेण्यासारखे आहे.

मग जास्त वेग वाईट का? तसेही नाही. हात सेकंदाला अडीच सेंटिमीटर सरकत असेल आणि सुई 100 वेळा टोचत असेल तर दोन टोच्यांमध्ये पाव मिलिमीटरचे अंतर राहते, जे 0.35 च्या सुईपेक्षा कमी आहे. ठिपके एकमेकांवर चढतात आणि रेघ सलग दिसते. तोच हात पाच सेंटिमीटरच्या वेगाने गेला तर अंतर अर्धा मिलिमीटर होते आणि एका सुईच्या बारीक कामात रेघेचे मणी दिसू लागतात. रेघ तुटते म्हणून नवशिका कातडीत सुई आणखी खोल घालतो, आणि शाई पसरून रेघेभोवती निळसर सावली धरते. खरा उपाय हात सावकाश चालवण्याचा किंवा वेग थोडा वाढवण्याचा असतो. मण्यांची शेडिंग हवी असेल, तर हेच गणित उलटे वापरून मशीन मुद्दाम मंद ठेवायचे.

स्ट्रोक आणि नळीबाहेरचे अंतर यांचे नाते मात्र फार कमी जणांनी नीट समजून घेतलेले मला दिसते. सुई 2 मिलिमीटर बाहेर येते आणि स्ट्रोक 4 मिलिमीटरचा आहे असे धरले, तर वर जाताना ती 2 मिलिमीटर नळीच्या आत शिरते, तिथली शाई अंगावर घेते आणि पुन्हा खाली येते. स्ट्रोक अडीच केला आणि अंतर तेच ठेवले तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर आत जाते. आणि 3 मिलिमीटरच्या स्ट्रोकवर कोणी सुई साडेतीन मिलिमीटर बाहेर काढून ठेवली, तर ती नळीत शिरतच नाही. मग ‘या मशीनमध्ये शाई उतरत नाही’ अशी तक्रार सुरू होते. रंग शेवटी एक ते दोन मिलिमीटर खोलीवर, आतल्या कातडीत बसायला हवा. त्याच्या वर राहिला तर काही आठवड्यांत झडून जातो. लहान स्ट्रोकची सुई कातडीतून पुरती बाहेर पडत नाही, म्हणून तो सौम्य करड्या छटांना बरा पडतो. चार आणि त्यापुढचा जाड रेघांना आणि रंग ठासून भरायला. साडेतीनवर बहुतेक सगळे निभते. हे अंतर ठरवताना मशीन चालू ठेवून अंदाज घेऊ नये, मोटरचे चाक बोटाने फिरवून सुई सर्वात खाली आणावी आणि मग ग्रिप फिरवावी.

तिसरी गोष्ट गिव्हची. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरवरचा एक्सेंट्रिक (मध्याबाहेर बसवलेली चकती) सुईला थेट ढकलतो, मधे काहीच नसते; समोर कातडी कडक असो वा नाजूक, सुई ठरलेल्या जागेपर्यंत जाते. गिव्ह असलेल्या मशीनमध्ये मधे स्प्रिंग असते आणि विरोध वाढला की ती दबते. मशीन बंद ठेवून, सुईचा दांडा सर्वात खालच्या जागी आणून तो बोटाने वर दाबून पाहिला की गिव्ह किती आहे ते कळते. मऊ गिव्हवर शेडिंग सुरेख येते, पण रेघ फिकी पडते, कारण दाब वाढला की सुई मागे सरते. मी फाइन आर्ट्समध्ये प्रिंटमेकिंग शिकलो. ड्रायपॉइंटमध्ये जस्ताच्या पत्र्यावर सुई ओढताना धातूचा विरोध मनगटात जाणवतो आणि त्यावरूनच रेघेची खोली ठरते. डायरेक्ट ड्राइव्ह पेन हाताला तसला निरोप देत नाही, असे माझे मत आहे. अनेक चांगले कलाकार या मताशी सहमत नाहीत.

एका जुन्या गोष्टीची इथे आठवण होते. एडिसनने 1876 मध्ये कागदाला भोके पाडून स्टेन्सिल करणाऱ्या विजेच्या पेनचे पेटंट घेतले होते. पेनच्या डोक्यावर छोटी मोटर आणि खाली वरखाली होणारी सुई. प्रती काढण्यासाठी बनवलेल्या त्या यंत्राच्या धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायली यांनी 1891 मध्ये गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कॉइलच्या, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणाऱ्या, यंत्रांचा मोठा काळ मधे येऊन गेला, तरी आज आपल्या हातातले पेन त्या पहिल्या रूपाजवळच परत आले आहे.

हे सगळे मोजमाप गेल्या महिन्यात एका कामाला उपयोगी पडले. दांडिया बाजारात राहणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी नातीबरोबर आल्या. त्यांच्या मनगटाच्या वर लहानपणी गोंदलेले तुळशीवृंदावन होते. रेघा हिरवट, पसरट आणि मधेमधे पुसट झाल्या होत्या. त्यांना ते ‘पुन्हा उठवून’ हवे होते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, हे विचारून डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली, तेव्हा त्या हसल्या. ‘अरे बाळा, आमच्या वेळी तीन सुया दोऱ्याने बांधून टोचायचे आणि वरून हळद दाबायचे. तेव्हा कुठली चिठ्ठी?’ चिठ्ठी मात्र दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या.

त्या वयातली कातडी पातळ आणि सैल असते, आणि जरा खोल गेले की शाई पसरते. डायरेक्ट ड्राइव्ह पेन मी बाजूलाच ठेवले. बिनतारी पेनचा स्ट्रोक 3 मिलिमीटरवर घेऊन आधी सिलिकॉनवर पाहिले. रेघ छान येत होती, पण गिव्ह नसल्यामुळे धीर होईना. शेवटी जुने स्लायडरच उचलले. गिव्ह मधोमध, तीन सुयांचा लायनर, सुई दीड मिलिमीटर बाहेर, आणि व्होल्टेज खाली आणून सेकंदाला साधारण 80 टोचे. हात त्या हिशेबाने सेकंदाला दीड सेंटिमीटरच्या आत ठेवला. जुनी पसरट रेघ बारीक करता येत नाही; तिच्या मधोमध एक गडद रेघ ओढली की डोळा तिलाच धरतो आणि भोवतीची हिरवट कड सावलीसारखी दिसते. दहा मिनिटांनी आजींनी विचारले, ‘चालू केलेस की नाही अजून?’ कॉइलचा कर्कश आवाज त्यांनी जत्रेत ऐकला होता, त्यामुळे एवढे शांत यंत्र बंदच असणार असे त्यांना वाटले.

काम मधेच एकदा अडले. रेघ अचानक फिकी येऊ लागली, आणि सवयीप्रमाणे माझा हात व्होल्टेजकडे गेला. मग थांबून पाहिले तर दोष कार्ट्रिजचा होता. सुईला मागे खेचणारा आतला रबरी पडदा त्या पाकिटात फार ताठ होता. कमी व्होल्टेजवर मोटरला तो पेलवत नव्हता, आणि गिव्हची स्प्रिंग दबून सुई पुरती खाली येत नव्हती. दुसऱ्या पाकिटातली कार्ट्रिज लावली आणि आकडा न बदलता रेघ पूर्ववत झाली. तेव्हापासून कार्ट्रिज बदलली की पुन्हा कागदावर ठिपके मोजतो. क्लिप कॉर्ड (मशीनला वीज देणारी तार) सैल असली किंवा एक्सेंट्रिकचा बारीक स्क्रू ढिला झाला तरी लक्षणे अशीच दिसतात. स्क्रूचा दोष असेल तर बारीक खडखडही ऐकू येते. त्यावर तेल ओतणारे लोक मी पाहिले आहेत. बंद बेअरिंगला तेल लागत नाही आणि ढिल्या स्क्रूला तर मुळीच नाही. त्याला षट्कोनी किल्लीचा पाव वेढा पुरतो.

आजी चार आठवड्यांनी दाखवायला आल्या. रेघा बसल्या होत्या, फक्त वृंदावनाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ती ताठ कार्ट्रिज लागली होती, तिथे अर्धा सेंटिमीटर रेघ फिकी राहिली आहे. ती पुढच्या सोमवारी भरायची आहे. स्लायडर मी दिवाळीनंतर विकायला काढणार होतो; त्याची जाहिरात काढून टाकली आणि त्याच्यासाठी नव्या स्प्रिंगची ऑर्डर दिली.