पेशीचं कूळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. शाळेतल्या आठवणी पुष्कळ आहेत, पण माझ्या रोजच्या कामात जिचा उपयोग होतो अशी एकच: जीवशास्त्राच्या बाईंनी शिकवलेला पेशींचा धडा. मी आज एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. माझी नोकरी त्या धड्यावर उभी आहे असं म्हटलं तरी चालेल.

पुस्तकात एक तक्ता होता. डावीकडे आदिकेंद्रकी पेशी (जशी जिवाणूंची), उजवीकडे दृश्यकेंद्रकी (जशी वनस्पतींची आणि आपली). केंद्रकपटल नाही, आहे. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया) नाहीत, आहेत. आकार लहान, मोठा. परीक्षेत फरक लिहायला तो उत्तम होता. बाईंनी मात्र पहिले काही तास तो उघडूच दिला नाही. आधी सूक्ष्मदर्शक.

कांद्याची जाड पाकळी घ्यायची, खोलगट बाजूने मोडायची आणि आतला पापुद्रा चिमट्याने अलगद ओढायचा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो पसरायचा, दुमडू द्यायचा नाही. त्यावर आयोडीन. आच्छादक काचेची एक कड आधी टेकवायची, दुसरी सुईच्या टोकावर तोलून हळूहळू खाली सोडायची, नाहीतर हवा अडकते. जाड काळ्या कडेचं वर्तुळ दिसलं की कोणीतरी ‘पेशी, पेशी’ म्हणून ओरडायचंच. बाई भिंगातून बघून म्हणायच्या, ‘हा बुडबुडा. पेशीला शेजारी असतात.’ पट्टी जराशी सरकवली की ते शेजारी दिसायचे: लांबट, एकमेकींना भिंती लावून बसलेल्या पेशी आणि प्रत्येकीत कडेला सरकलेलं पिवळट तपकिरी केंद्रक. ते मधोमध का नाही? कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते. वनस्पतीची पेशी आहे, मग उजेडात अन्न बनवणारी हिरवी हरितलवकं कुठे? कांदा म्हणजे जमिनीखाली वाढलेली, उजेड न मिळालेली, अन्न साठवणारी पानं. तिथे हरितलवकांना काम नाही. नाव सांगायच्या आधी चित्र काढायचं आणि चित्रात जे दिसलं तेच काढायचं, पुस्तकातलं नाही, हा बाईंचा नियम होता. नंतर गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी मिथिलीन ब्लूमध्ये रंगवल्या. भित्तिका नाही म्हणून आकार वेडावाकडा, कडा दुमडलेल्या, निळं केंद्रक साधारण मध्यावर.

इतिहास त्यांनी भराभर सांगितला. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिल्या त्या खरं तर मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींत केंद्रक ठळकपणे दाखवलं. 1838 मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि 1839 मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल म्हटलं की सगळं शरीर पेशींचंच बनलेलं आहे. इथपर्यंत सगळेच शिकवतात. बाई थांबल्या त्या पुढच्या मुद्द्यावर. या दोघांना वाटत होतं की नवी पेशी द्रवातून आपोआप साकारते, स्फटिक तयार व्हावा तशी. रॉबर्ट रेमाकने पेशी विभागताना पाहिल्या, आणि 1855 मध्ये रुडॉल्फ विर्चोने ते सूत्र म्हणून मांडलं: प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते. रेमाकचं नाव तेव्हा पुस्तकात नव्हतं. बाईंनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

मग एके दिवशी तक्ता उघडला आणि बाईंनी विचारलं, ‘आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं. तंतुकणिकाही नसतात. मग ती आदिकेंद्रकी का?’

वर्ग गप्प. तक्त्याप्रमाणे उत्तर ‘हो’ येत होतं, आणि ते चूक आहे एवढं सगळ्यांना कळत होतं. बाईंनी उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत वेळ दिला. तांबडी पेशी अस्थिमज्जेत जन्मते तेव्हा तिला केंद्रक असतं. हिमोग्लोबिनने भरत जाताना ती ते बाहेर टाकते आणि मग साधारण 120 दिवस त्याच्याशिवाय जगते. बेडकाच्या आणि पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक शेवटपर्यंत राहतं. म्हणजे तांबड्या पेशीने केंद्रक गमावलेलं आहे, आदिकेंद्रकी पेशीला ते कधी नव्हतंच. पेशीचा प्रकार ठरवायचा तर आज तिच्यात काय आहे आणि काय नाही एवढं पाहून भागत नाही, ती कोणाच्या वंशातली आहे ते पाहावं लागतं. विर्चोच्या सूत्राचा अर्थ मला त्या दिवशी लागला. प्रत्येक पेशीला आई असते, म्हणून प्रत्येक पेशीला कूळ असतं.

प्रयोगशाळेत पू किंवा थुंकीचा नमुना आला की आम्ही पहिल्यांदा ग्रॅम अभिरंजन करतो, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट ओळखतो. हान्स ख्रिश्चन ग्रॅमने ही पद्धत 1884 मध्ये प्रसिद्ध केली. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर, त्यावर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं आणि शेवटी गुलाबी सॅफ्रनिन. अल्कोहोलची पायरी सगळ्यात नाजूक. हात रेंगाळला तर काही जिवाणूंनी धरून ठेवायला हवा होता तो जांभळा रंगही निघून जातो. पट्टी वाळली की तेलाचा थेंब टाकून शंभरपटीच्या भिंगाखाली बघायचं. पुवाच्या नमुन्यात गुलाबी रंगलेल्या पांढऱ्या रक्तपेशी दिसतात, खंडाखंडांच्या केंद्रकाच्या, 12 ते 15 मायक्रोमीटरच्या. त्यांच्यामध्ये, कधी त्यांच्या पोटातही, जांभळ्या गोल जिवाणूंचे पुंजके असतात, एकेक जेमतेम 1 मायक्रोमीटरचा. शाळेतल्या तक्त्याचे दोन्ही स्तंभ एकाच दृष्टिक्षेत्रात येतात. कितीही वर्षं झाली तरी मला ते पाहायला आवडतं.

आणि रुग्ण बरा होतो तो या दोन कुळांमधल्या फरकामुळे. पेनिसिलिन जिवाणूंच्या भित्तिकेतल्या पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाची जोडणी बिघडवतं. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, त्यामुळे तिथे त्याला बिघडवण्यासारखं काही सापडत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंच्या 70एस रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला चिकटतं (एस हे रायबोसोम किती वेगाने तळाशी बसतो त्याचं माप). आपल्या पेशीद्रव्यातले रायबोसोम 80एस, बांधणी वेगळी, म्हणून ते बहुतांशी सुटतात. प्रथिनं बनवण्याचं यंत्र दोघांकडे आहे, पण लाखो नव्हे, अब्जावधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्यामुळे त्याची घडण वेगळी झाली.

‘बहुतांशी’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. आपल्या तंतुकणिकांत स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आणि स्वतःचे रायबोसोम असतात, आणि ते जिवाणूंच्या रायबोसोमच्या जवळचे असतात. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिसने ठामपणे मांडलं की तंतुकणिका म्हणजे एकेकाळी स्वतंत्र जगणारे आणि नंतर दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेले जिवाणू. तेव्हा अनेकांनी ते मनावर घेतलं नाही, आज ते सर्वमान्य आहे. या कुळाचा परिणाम रुग्णांवरही दिसतो. काही कुटुंबांत तंतुकणिकांच्या रायबोसोमच्या आरएनएमध्ये एक छोटासा बदल आईकडून मुलांकडे येतो, आणि त्यामुळे तो रायबोसोम जिवाणूच्या रायबोसोमशी आणखी मिळताजुळता होतो. अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातलं औषध नेहमीच्या मात्रेत दिलं तरी कायमचं बहिरेपण येऊ शकतं. म्हणून औषध देण्याआधी आईकडच्या नातेवाइकांत अशा औषधाने कोणाला ऐकू येईनासं झालं होतं का, हे विचारायला हवं. तो प्रश्न पेशींच्या धड्यातूनच येतो.

बुरशीचंही तसंच. यीस्टच्या पेशीला भित्तिका असते आणि ग्रॅम अभिरंजनात ती गडद जांभळी दिसते, म्हणून नवखी मुलं तिला मोठा जिवाणू समजतात. पण ती दृश्यकेंद्रकी आहे, तिची भित्तिका कायटिन आणि ग्लुकनची, आणि नात्याने ती जिवाणूंपेक्षा आपल्याला कितीतरी जवळची. बुरशीवरची औषधं कमी आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्यालाही त्रास देतात, त्याचं मोठं कारण हे जवळचं नातं. फरक शोधावा लागतो तो बारीक. तिच्या पटलात एर्गोस्टेरॉल हा मेद, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध एर्गोस्टेरॉलला धरतं, पण कोलेस्टेरॉलला अगदीच सोडत नाही.

शाळेच्या तक्त्यात जे नव्हतं ते मी नंतर शिकले. 1977 मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून दाखवलं की केंद्रक नसलेल्या सगळ्या पेशी एका कुळातल्या नाहीत. जिवाणूंसारखेच दिसणारे आर्किया हे स्वतंत्र घराणं. त्यांच्या पटलातल्या मेदांची जोडणी वेगळी, पेप्टिडोग्लायकन नाही, आणि प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेतले कित्येक भाग आपल्यासारखे. 2015 मध्ये उत्तरेकडच्या समुद्राच्या तळातल्या गाळातून अशा आर्कियाचा जनुकीय मागोवा लागला, ज्यांच्यात दृश्यकेंद्रकी पेशींचीच म्हणून समजली जाणारी अनेक प्रथिनं आहेत. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी त्यांच्यातला एक जीव प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. नमुना मिळाल्यापासून 12 वर्षांहून अधिक काळ त्यात गेला होता. पेशी जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरची, तिला लांब फाटे फुटलेले. आपल्या पेशीचा पूर्वज अशाच कोणा आर्कियाच्या घराण्यातला असावा, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात.

मी त्या पेशीचं छायाचित्र बाईंना पाठवलं आणि फोन केला. निवृत्तीनंतरही त्या वाचतात. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘हिच्यात तंतुकणिका आहे?’

‘नाही, बाई.’

‘केंद्रक?’

‘तेही नाही.’

‘मग आपल्या पेशीत आधी काय आलं, केंद्रक की तंतुकणिका?’

यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे, असं मी सांगितलं. दोन्ही बाजूंचे लेख मी त्यांना पाठवले आहेत. त्या दोन्ही वाचून काय म्हणतात याची मी वाट पाहते आहे.