स्कूटरचं फडकं

रविवारी दुपारी स्कूटर पुसत होतो. फडकं उलटून घडी घालताना एक डोळा वर आला. डोळा म्हणजे दिवा. काळ्या रेघांच्या किरणांमधला उघडा बल्ब. त्याच्याखाली तोंड वासलेल्या घोड्याचं अर्धं मुंडकं, त्यावर ऑइल.

म्हणजे पिकासोचा टी-शर्ट स्कूटरपर्यंत आला तर!

भाचीने माद्रिदहून आणला होता. तिथल्या रेइना सोफिया संग्रहालयात मूळ ‘गेर्निका’ आहे. स्पेनमधल्या गेर्निका गावावर बाँब पडले, त्यावर पिकासोने काढलेलं चित्र. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. आमच्या दहा बाय बाराच्या दोन खोल्या मधली भिंत पाडून एक केल्या, तरी चित्र वीतभर-हातभर बाहेरच राहील. ते सगळं माझ्या छातीवर एका पट्टीत बसवलेलं. बैल उजव्या काखेत, घोडा बरोबर मध्ये. पुढेपुढे माझं पोट सुटत गेलं तसा घोडा आडवा होत गेला.

आईला तो टी-शर्ट एकाच कारणासाठी आवडायचा. काळा, पांढरा, राखाडी, बस्स. “रंग जायची भीती नाही,” म्हणायची.

आमच्या घरात सुती कपड्याला मरण नाही, फक्त पदावनती आहे. बाहेरचा, मग घरातला, मग झोपायचा, मग रंगपंचमीचा. यालाही सगळ्या पायऱ्या लागल्या. मध्ये एकदा बोहारणीच्या ढिगात टाकून पाहिला. तिने दोन बोटांत धरून उजेडाकडे बघितलं आणि बाजूला ठेवला. गोधडीतही नाही गेला. होजिअरी ताणते, टाका धरत नाही, असं आईचं मत. बाबांची बनियनंही याच कारणाने थेट फडकी व्हायची, आणि ती एकदा फडकी झाली की बाबा ती शोधत घरभर फिरायचे. “चांगलं होतं अजून!” काखेत वीतभर भोक पडलेलं असायचं.

टी-शर्ट नवा होता तेव्हा एकदा घरी सत्यनारायण होता. गुरुजी यायच्या आधी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“वरून सदरा घाल.”

“का?”

“पूजेला बसताना छातीवर मरतं घोडं नको.”

घातला. मे महिना, दोन कपडे, समोर धूप. कथेतला साधुवाणी बुडत होता तेव्हा मी घामात बुडत होतो. पण आईला हसायची सोय नाही. २००३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकविरुद्धच्या युद्धाची बाजू मांडायला उभे राहिले. तिथे सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर याच चित्राची विणलेली प्रतिकृती टांगलेली असते. त्या दिवसांत तिच्यावर निळा पडदा सोडला होता. कॅमेऱ्यांना मागे काहीतरी साधं हवं असतं, असं कारण दिलं गेलं. म्हणजे कापडावर कापड. आईने निदान खरं कारण सांगितलं होतं.

पण मला ‘झाकणं’ म्हटलं की आठवतो तो डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्धाचा. गिरगावातली चाळ. मी सहा वर्षांचा. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, आणि भोंगा झाला की सगळी चाळ अंधारात गुडूप. खालून कुणीतरी ओरडायचं, “तिसरा मजला, लाइट!” आईने बल्बला बाबांचं जुनं बनियन गुंडाळलं होतं. खाली ताटाएवढा पिवळा गोल पडायचा, त्यात आम्ही सगळे ताटं घेऊन डोकी जोडून बसायचो. बनियन तापायचं. त्या करपट वासासकट मी आमटीभात खाल्लाय. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटायची. युद्ध संपलं, कागद खरवडून काढले, तेव्हा मी रडलो होतो म्हणे. बनियनाचं काय झालं विचारूच नका. बाबा शोधत होते.

तर मी फडकं घेऊन आत गेलो. आई मटार सोलत बसली होती. एवढ्या वर्षांत तिने ते चित्र धुतलं, वाळवलं, झाकलं आणि शेवटी कात्रीने कापलंही. बघितलं असं कधी नाही. आज चष्मा वर करून बघितलं.

“हा दिवा आहे होय? मला डोळा वाटायचा.”

“दिवाच.”

“मग कुणी काही बांधलं नाही त्याला?” ती म्हणाली. “उघडा ठेवलाय. पडणारच मग बाँब.”

मला हसू आलं. “अगं, रात्री नव्हे. दुपारी पडले. सोमवार होता, बाजाराचा दिवस. २६ एप्रिल १९३७. चांगलं ऊन असणार.”

तिने एक शेंग सोलली. दाणे मोजल्यासारखे बोटाने सरकवले.

“दुपारी?”

“साडेचारच्या सुमारास.”

“मग काय झाकणार,” आई म्हणाली, आणि फडकं माझ्याकडे सरकवलं. त्याचं ऑइल मटारांना लागत होतं.