अर्धीच प्रदक्षिणा

व्हिएतनामहून आल्यापासून सोमवारी देवळात भेटणाऱ्या बायका मला एकच विचारतात, "महादेवाची एवढी पडकी देवळं बघून आलात, तिथे देव आहे असं वाटलं का हो?" घाईत काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

त्या जागेचं नाव मी-सॉन. होइ आन गावापासून साधारण 40 किलोमीटरवर, चहूकडून डोंगर असलेल्या खोलगटात. इथे चाम लोकांचं चंपा राज्य होतं. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजाने शिवाची स्थापना केली आणि देवाला आपल्या नावावरून भद्रेश्वर म्हटलं. पुढे ते देऊळ जळालं. सातव्या शतकात शंभुवर्म्याने ते पुन्हा उभारलं, तेव्हा देव झाला शंभुभद्रेश्वर. आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून नावं कोरलेली आहेत, त्यातलंच हे. देवापाशी आपलं नाव राहावं असं माणसाला वाटतंच, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पुढे राज्य दक्षिणेकडे सरकत गेलं, पूजा थांबली, रान माजलं. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत तिथलं सगळ्यात देखणं, 24 मीटर उंच देऊळ कोसळलं. बॉम्बचे खड्डे अजून आहेत. आता त्यांत गवत वाढलंय.

मी तिथे गेले ती मनात एक घोर घेऊनच. आमच्या देवघरात सासूबाईंनी दिलेला बाण आहे, म्हणजे महादेव म्हणून पुजायचा गुळगुळीत दगड. रोज त्याच्यावर पाणी घालते, बेल वाहते. मुलगा ॲडलेडला, सून नोकरीत. माझ्यामागे या देवांचं कोण करणार, हा विचार गेली काही वर्षं पूजेला बसलं की हटकून येतो. खरं सांगायचं तर पूजेत देवापेक्षा तो विचारच जास्त असायचा.

एका चौथऱ्यावर भिंती नाहीत, छत नाही, नुसती शाळुंका आणि पिंडी. शेजारच्या देवळांच्या विटा इतक्या घट्ट बसवलेल्या की सांध्यात चुना दिसत नाही. मी चपला काढल्या. दगड तापलेला होता. हात जोडले आणि डावीकडून निघाले. पन्हळीपाशी आले आणि पाय आपोआप थांबले. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर जातं ती ओलांडायची नाही, तिथूनच मागे फिरायचं, हे आईचं बोट धरून शिकलेलं. ही पन्हळ कोरडी ठाक होती, कडेला मुंग्यांची रांग. किती शतकं तिच्यातून तीर्थ वाहिलं नसेल! तरी मला ती ओलांडवेना. मागे फिरले, आले तशी परत गेले आणि अर्धी प्रदक्षिणा पुरी केली. सून म्हणाली, "आई, इथे कोण बघतंय?" मला उत्तर सुचलं नाही, रडू मात्र आलं.

वाईट वाटून आलेलं रडू नव्हतं ते. ज्याने ती शाळुंका घडवली त्याची भाषा मला येत नाही, त्याचं राज्य उरलं नाही, पण पन्हळ कुठे ठेवायची हे त्याला जे कुणी शिकवलं तेच मला आईने शिकवलं होतं. आपण केलं तरच देव टिकतो, असं मी धरून बसले होते. तिथे उभी राहिले आणि ते ओझं माझं नव्हतंच असं वाटलं. तिथे देव होता का? माझ्यापुरता होता.

नंतर कळलं, की आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे डागडुजी करताना 2020 मध्ये जमिनीतून नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. दक्षिणेकडे फान रांगच्या बाजूला चाम लोक अजून काते सणाला देवळात जमतात, मुखलिंगाला, म्हणजे चेहरा कोरलेल्या शिवलिंगाला, स्नान घालतात, वस्त्रं नेसवतात. तिथे मला जायला मिळालं नाही, त्याची हळहळ आहे.

परवा मुलाशी फोनवर बोलताना आपणहून विषय काढला. म्हटलं, पुढे बाण तू घेऊन जा. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आई, रोज पूजा नाही जमली तर?"

म्हटलं, "नाही जमली तर नुसता घरात ठेव."